वासासकट विकलेलं घर

आमच्या दलालमावशींबद्दल गल्लीत जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं आहे. त्यामुळे तेवढ्याची तरी खात्री मी देऊ शकतो. मावशी घरं विकतात. तीस वर्षं हेच करताहेत. उंची बेताची, आवाज बेताचा अजिबात नाही, आणि खांद्यावरची कापडी पिशवी एवढी मोठी की कोपऱ्यावर वळताना आधी पिशवी दिसते, मग मावशी. त्या पिशवीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त गिऱ्हाइकाला नाही.

सुगंधी मेणबत्त्या असतात. शिवाय तेलाच्या चार बाटल्या, तेल तापवायचा चिनी मातीचा छोटा दिवा, स्टीलच्या ताटल्या, डबाभर वाळू आणि वाती कापायची कात्री. गिऱ्हाईक चारला येणार असेल तर मावशी तीनलाच घर उघडतात आणि रिकाम्या खोल्यांना संसाराचा वास देतात. नव्या जोडप्याला व्हॅनिला. सासूपासून वेगळं व्हायला निघालेल्या सुनेला लिंबू, कारण लिंबाने म्हणे माणसाला मोकळं वाटतं. निवृत्त माणसाला कॉफी. वकिलाला काहीच नाही, कारण वकील वास कुठून येतो ते विचारतो.

आता तुम्ही म्हणाल, ही तर फसवणूक. मी तसं एकदा मावशींच्या तोंडावर म्हणालो होतो. त्यांनी मला विचारलं, की तुम्ही पाहुणे यायच्या आधी केस विंचरता ना, मग ती कुणाची फसवणूक? माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलेलं नसल्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

पण एक मानलं पाहिजे. आगीच्या बाबतीत मावशी म्हणजे शिस्तीचा सोटा. वात नखाएवढीच ठेवायची, त्याहून लांब झाली तर काजळी धरते. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीतच, पडद्यापासून दोन हात लांब, वाऱ्याच्या झोतात तर नाहीच. एका खोलीत दोनच. चार तासांवर एकही जळायची नाही, आणि तळाला बोटभर मेण उरलं की ती निवृत्त. विझवताना फुंकायचं नाही, वर झाकण ठेवायचं. तेल नुसतं तापवायचं नाही, वाटीभर पाण्यात चार थेंब, आणि वाटी कोरडी पडू द्यायची नाही. सगळं झाल्यावर दहा मिनिटं खिडक्या सताड उघड्या. खोलीतून माणूस बाहेर पडला की आत ज्योत असता कामा नये. मग तो माणूस शेजारच्या खोलीत नळ बघायला गेलेला का असेना. मावशींचे यजमान सांगतात, की घरातले दिवे गेले तरी बाईच्या मंजुरीशिवाय मेणबत्ती लावायची त्यांची छाती होत नाही. ते अंधारातच बसून राहतात.

शिस्तीच्या जोडीला मावशींना एक अभिमान होता, आणि तो त्या दर दोन वाक्यांनी बोलून दाखवायच्या. तीस वर्षांत त्यांचं विकलेलं एकही घर परत आलेलं नव्हतं. इतर दलालांची आली होती. कुणाचं गळक्या छपरामुळे, कुणाचं शेजारच्या तुतारीवाल्यामुळे. मावशींचं नाही. हा अभिमान त्यांनी कचेरीच्या काचेवर पाटी रंगवून लावला नव्हता एवढंच.

आणि मग ते तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्याचं घर आलं.

घर झकास होतं. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, पूर्वेला खिडक्या. पण आधीचा भाडेकरू घरातच चपला-बूट चिकटवायचं काम करायचा, आणि त्या डिंकाचा वास भिंतींत मुरला होता. अकरा महिने घर पडून राहिलं. मावशींनी गुलाब लावला, तर डिंक लावलेला गुलाब झाला. दालचिनी लावली, तर दालचिनीचा बूट. गिऱ्हाईक दारात यायचं, नाक उडवायचं आणि जिन्याच्या रुंदीबद्दल काहीतरी गुळमुळीत बोलून निघून जायचं.

अशात एके दिवशी परीक्षक आले. हे गृहस्थ जन्मभर उत्तरपत्रिका तपासत आले होते, आणि निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही म्हणून त्यांनी बाकीच्या जगाला गुण द्यायला घेतले. चहाला बावन्न. न्हाव्याला एकसष्ट. बसच्या वाहकाला अठ्ठावीस, आणि हे त्याला उतरताना सांगायचं. खोड तशी जुनीच; थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला त्यांनी लग्नाच्या दिवशीच चाळीस दिले होते, आणि तो बिचारा पुढे बत्तीस वर्षं जगला तरी एकदाही वाढवले नाहीत.

ते चारला यायचे होते. आले सव्वातीनला. मावशी तेव्हा नुकत्या घर उघडत होत्या, आणि पिशवीत पाहतात तो धड मेणबत्ती एकही नाही. सकाळी दुसऱ्या घरात सगळ्या संपलेल्या. होती ती सात थोटकं, सात वासांची, म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे निवृत्त झालेली. खालून परीक्षकांची काठी जिन्यावर वाजत होती. मावशींनी तीस वर्षांची शिस्त खुंटीला टांगली. सातही थोटकं चहाच्या कपात ठेचली, पार्सलच्या सुतळीची वात केली, वरून चारही बाटल्यांतलं तेल ओतलं आणि काडी ओढली. कपाला तडा गेला. धूर झाला. आणि परीक्षक उंबऱ्यावर येऊन थांबले.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मावशींना वाटलं, गेलं, हेही गेलं. पण परीक्षक डोळे उघडून म्हणाले की घर घेतलं. आतल्या खोल्या बघितल्या नाहीत, पाण्याचा जोर विचारला नाही, न्हाणीघर आहे की नाही याचीही चौकशी केली नाही. आठवड्याभरात कागद झाले आणि ते थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, आणि अक्कांच्या मांजरीला घेऊन राहायला आले.

आठव्या दिवशी परीक्षक मावशींच्या कचेरीत हजर. हातात खरेदीचा कागद.

"वास कुठाय?" त्यांनी विचारलं.

मावशी हसल्या. परीक्षक हसले नाहीत. कागदावर त्यांनी एका ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. घर आहे त्या स्थितीत दिलं, असं तिथे लिहिलेलं होतं. आणि त्या स्थितीत, परीक्षकांचं म्हणणं, वास होता. त्यांनी घर वासासकट घेतलं होतं. आता वास नाही, म्हणजे घरातला एक भाग दिलेलाच नाही, म्हणजे घर परत.

मावशींनी समजावून पाहिलं, की वास काही भिंतीसारखा बांधलेला नसतो. परीक्षक म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं. आणि खरं सांगू का, हसू येत असलं तरी त्यात तथ्य होतं. मावशींनाही ते कुठेतरी टोचलं असणार, नाहीतर त्यांनी परीक्षकांना तिथल्या तिथे जिन्याचा रस्ता दाखवला असता. पण घर परत, हे दोन शब्द ऐकले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यापलीकडचा दलाल काचेतून बघत होता, तो वेगळाच.

"मी आणून देते वास," त्या म्हणाल्या. "तोच. वेळ द्या."

परीक्षकांनी पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत तो वास आला नाही तर घर मावशींच्या माथी परत.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज चारला पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर. परीक्षक मधोमध खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कानावर लाल पेन्सिल. अडचण अशी, की त्या दिवशी कपात नेमकं काय काय पडलं हे मावशींनाच आठवत नव्हतं. सात थोटकं, एवढं खरं. कुठल्या सात वासांची, देव जाणे.

पहिल्या दिवशी एकतीस. अनुत्तीर्ण. शेरा: लिंबू आगाऊपणा करते.

दुसऱ्या दिवशी छत्तीस. काठावर.

तिसऱ्या दिवशी परीक्षकांनी खिडक्या लावून घेतल्या. वास बाहेर जातो, म्हणून गुण कमी पडतात असा त्यांचा सिद्धांत. मावशी म्हणाल्या की ज्योत पेटती असताना हवा खेळती पाहिजे. परीक्षक म्हणाले की परीक्षेच्या खोलीची दारं लावलेलीच असतात. आणि मावशी, ज्यांनी एकदा खिडकी उघडत नाही म्हणून एका घरमालकाला घराबाहेर काढलं होतं, त्या मावशी गप्प बसल्या. गुण बेचाळीस झाले होते ना.

मग एकेक नियम गळायला लागला. दोनाच्या तीन मेणबत्त्या झाल्या, तिनाच्या सात. चार तासांचे सहा झाले. वात कापायला उठलं की परीक्षकांची तंद्री मोडते, म्हणून वाती वाढल्या. वाती वाढल्या तशी काजळी चढली. आठवड्याभरात छताला सात काळे ढग आले, आणि भिंतीवर परीक्षकांचा सत्काराच्या वेळचा मोठा फोटो होता, त्यात त्यांना मिशा फुटल्या. अक्कांनी त्या पुसल्या नाहीत. त्यांच्या मते मिशांनी चेहऱ्यात थोडा समजूतदारपणा आला होता.

अक्कांबद्दल इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या मला सोडायच्या नाहीत. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ, आणि अडुसष्ट वर्षांच्या परीक्षकांना त्या अजून बाळ म्हणतात. या प्रकरणात त्या पहिले आठ दिवस पडल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणायच्या, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायच्या, आणि भाऊ न्हाणीघरात गेला की खिडकी उघडायच्या. तो बाहेर आला की लावायचा. दोघांचं हे चालू असताना मावशी मधल्या मध्ये मेणबत्त्या हलवत असायच्या. पेटलेल्या, वितळलेलं मेण डुचमळत असलेल्या. स्वतःच्या तोंडाने त्यांनी हे कधीच कबूल केलं नसतं. मला अक्कांनी सांगितलं.

नवव्या दिवशी तेलाचा दिवा दोन वेळा भरला आणि गुण चौसष्टवर गेले. मावशी जिना उतरताना गुणगुणत होत्या. दहाव्या दिवशी सकाळी मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. ती भिंतीला अंग टेकवून चालायची आणि मध्येच कोलमडून पडायची.

अक्का तिला टोपलीत घालून गुरांच्या नव्हे, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरने मांजरीचं अंग हुंगलं आणि एकच विचारलं, घरात सुगंधी तेल तापवता का. मग त्याने समजावून सांगितलं, की ते तेल हवेतून केसांवर बसतं, मांजर अंग चाटते, तेल पोटात जातं, आणि माणसाचं शरीर जे बाहेर टाकू शकतं ते मांजरीला टाकता येत नाही. वेळेवर आणलीत, म्हणाला. तिला दोन दिवस त्याने स्वतःकडे ठेवून घेतलं.

अक्का रिकामी टोपली घेऊन घरी आल्या, तेलाच्या चारही बाटल्या आणि तो चिनी मातीचा दिवा टोपलीत भरला, आणि टोपली मावशींच्या हातात दिली. भावाला त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. परीक्षकांनी तेल बंद झाल्याची नोंद कागदावर केली आणि गुण सत्तेचाळीसवर आणले. मांजर परत आली तेव्हा तिलाही सांगितलं की तुझ्यामुळे सतरा गेले. पण अक्का पाहत नसताना त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं, हे मावशींनी पाहिलं.

उरले तीन दिवस, आणि हातात नुसत्या मेणबत्त्या. एक्कावन्न. पंचावन्न. मावशींची रया गेली. गालफडं बसली, डोळ्यांखाली काळं आलं, आणि आवाजसुद्धा बेताचा झाला, तेव्हा कुठे आम्हाला काळजी वाटली. रस्त्यापलीकडच्या दलालाने, ते घर परत आलं की मला सांगा, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, असा निरोपही पाठवला.

शेवटच्या दिवशी टेबलावर नऊ मेणबत्त्या होत्या. मावशी पलीकडच्या एकीची वात बघायला वाकल्या, आणि अलीकडची त्यांच्या वेणीखाली आली.

चर्र असा आवाज झाला. अक्का तयारच होत्या की काय कोण जाणे. त्यांनी नळाखालचा ओला पंचा आणून मावशींच्या पाठीवर हाणला, वर दोन रपाटे घातले, आणि आग जन्मायच्या आधीच गेली. वेणीचं टोक तेवढं करपलं. आणि खुर्चीतून परीक्षक उठले, डोळे मिटलेले, नाक छताकडे.

"ब्याण्णव," ते म्हणाले.

मावशींचा हात आपोआप मानेमागे गेला. कारण आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मावशींनी माझ्यापासूनही लपवली होती. माझ्यापासून लपवणं म्हणजे केवढं मोठं गुपित असेल बघा. घर दाखवायच्या त्या दिवशीही कपावर वाकताना त्यांच्या वेणीने पेट घेतला होता. त्यांनी ती मुठीत दाबून विझवली, वातीच्या कात्रीने टोक छाटलं, पिशवीत टाकलं, आणि दारात हसत उभ्या राहिल्या. परीक्षक ज्याच्यावर भाळले ते व्हॅनिला नव्हतं, दालचिनी नव्हती. ते मावशींचे जळके केस होते.

हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. लपवून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण पाठीवर अजून पंचा थबथबत होता आणि त्यांना बहुतेक खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

परीक्षकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. मग अगदी अदबीने विचारलं, "तेवढं रोज जमेल का? फार नको. नुसते शेंडे."

मावशींनी एकेका मेणबत्तीवर झाकण ठेवायला सुरुवात केली. नऊ झाकणं. शेवटचं ठेवून झाल्यावर त्या वळल्या.

"सर, तो वास म्हणजे माझी चूक होती. त्या दिवशी या घराला आग लागायची राहिली, आणि तुम्ही दारात उभे राहून ते हुंगत होतात. असला वास मी विकत नाही. घर परत करायचं असेल तर करा. मी घेते."

मी तिथे नव्हतो, पण अक्का म्हणतात, की एवढं बोलून मावशी खाली बसल्या त्या जमिनीवरच बसल्या. तीस वर्षांत पहिलं घर परत येणार होतं, आणि ते त्यांनी आपल्या तोंडाने मागितलं होतं.

परीक्षकांनी खरेदीचा कागद काढला. तेवढ्यात अक्का सगळ्या खिडक्यांशी जाऊन आल्या. पूर्वेच्या दोन, स्वयंपाकघरातली एक, न्हाणीघरातली छोटी. सगळ्या उघड्या. मग त्यांनी एक लाकडी स्टूल ओढलं आणि भावासमोर बसल्या.

"बाळ, घर परत द्यायचं तर खुशाल दे," त्या म्हणाल्या. "पण मी इथून हलत नाही. मांजरही नाही. माझी भांडी फळीवर लागलीत. तू एकटा जा, आणि जाशील तिथे वासाबरोबर राहा."

परीक्षक म्हणाले की बहिणीसकट घर परत करता येत नाही, तशी कागदात सोय नाही. अक्का म्हणाल्या, मग बस.

ते बसले. मावशीही बसल्या होत्या. तिघं आणि मांजर, संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत. खिडकीतून हवा येत होती, मेणाचा धूर हळूहळू जात होता, आणि त्याच्यामागून तो जुना डिंकाचा वासही निघून चालला होता. तो काढायला अकरा महिने मेणबत्त्या जाळण्यापेक्षा खिडक्या दहा मिनिटांऐवजी दहा दिवस उघड्या ठेवायला हव्या होत्या, हे मावशींच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं.

सहाला परीक्षकांनी पेन्सिल हातात घेतली. खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन हुंगलं. पडदा हुंगला, फळी हुंगली, मांजर हुंगली. परत खुर्चीत आले आणि असे हताश दिसले की मावशींनाच त्यांची कीव आली.

"काहीच नाही," ते म्हणाले. "कोरी उत्तरपत्रिका आहे ही. कोऱ्या पेपराला मी जन्मात शून्याच्या वर काही दिलेलं नाही."

"पस्तीस दे आणि जेवायला ये," अक्का म्हणाल्या.

परीक्षक मांडीवरच्या गुणांच्या कागदाकडे बघत राहिले. आपल्या सगळ्या कारकिर्दीचा प्रश्न होता तो. एकदा पेन्सिल टेकवली, उचलली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मांजर उठून त्या दिशेने गेली, आणि आता सरळ चालत होती. ते बघितलं आणि त्यांनी लिहिलं: चौतीस. मग बराच वेळ थांबून त्याच्या पुढे लिहिलं: अधिक एक, ग्रेस. खाली घरासाठी एकच शब्द, उत्तीर्ण, आणि सही.

मावशींनी तो कागद मागून घेतला, घडी घातली, आणि अजून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बहुधा आभार मानायचे होते. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर पिशवी अडकवली आणि त्यांना दाराकडे लोटलं.

"पळा आता," त्या हळूच म्हणाल्या. "हा फेरतपासणी मागायच्या आत."